गुरुवारचा उपास आणि तांब्याभर पाणी

वर्ष-दीड वर्ष मी दत्तगुरूंना एकच विचारत होते, माझ्या अंगातली शक्ती गेली कुठे? भर मे महिन्यात अख्खं कात्रज घामाघूम असताना मी स्वेटर घालून बसायची. केस गळत होते, आवाज घोगरा झाला होता, वजन मात्र वाढतच होतं. एकदा पाचवीच्या वर्गात शिकवताना खुर्चीतच माझा डोळा लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून बजावलं, तेव्हा मी घाबरले. आता नोकरी जाते की काय!

डॉक्टरांपुढे मी आधी गुरुवारचा उपास सांगायची. झालं! पुढचं कुणी ऐकायचंच नाही. एक म्हणाले, उपास सोडा, थकवा जाईल. दुसऱ्यांना मी म्हटलं, "अहो, उपास करूनही वजन वाढतंय." ते मान वर न करता म्हणाले, "साबुदाण्याची खिचडी खाता ना? मग!" घरी येऊन मी ढसाढसा रडले. माझी भक्तीच मला आडवी येतेय का, हे काही केल्या कळेना.

पुढच्या गुरुवारी आरती म्हणताना आवाजच फुटेना. घसा कोरडा पडला, म्हणून देवळातला तांब्या उचलून वरून पाणी प्यायले. समोर एक अनोळखी बाई बसल्या होत्या, अमरावतीकडून लेकीकडे आलेल्या. त्या एकदम म्हणाल्या, "ताई, पुन्हा एक घोट घ्या बरं." मी प्यायले. "तुमच्या गळ्याशी गाठीसारखं काहीतरी वरखाली होते. माह्या गळ्याचंही असंच होतं. दाखवून घ्या." त्यांच्या गळ्यावर टाक्यांची बारीक रेघ होती.

नव्या डॉक्टरांकडे गेले ती उपासाचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच. पर्समधली बाटली काढली आणि म्हटलं, "डॉक्टर, मी पाणी पिते. आपण फक्त बघा." डॉक्टरीणबाई चमकल्या, पण उठून जवळ आल्या. गळा चाचपला, मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "आता सगळं पहिल्यापासून सांगा." मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या, आणि माझे डोळे वाहत राहिले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी सुजली होती, तिचं काम मंदावलं होतं. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी. "गुरुवारी चालते ना?" मी विचारलंच. त्या हसल्या, "गोळीला उपासाचं वावडं नाही हो."

हळूहळू अंगात ऊब आली, आवाज मोकळा झाला. नोकरीही टिकली. त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत, गावी परतल्या असतील. एरवी मी पाणी घरी जाऊनच प्यायची. त्याच दिवशी तहान का लागली, आणि समोर नेमक्या त्याच का बसल्या होत्या? खूप विचार केला, मग सोडून दिला. मी शक्ती मागत होते, महाराजांनी तहान दिली. काय द्यायचं ते त्यांनाच कळतं.

हल्ली देवळात कुणी वरून पाणी प्यायलं, की माझी नजर आपोआप गळ्याकडे जाते. न जाणो, आज महाराजांनी मला समोर बसवलं असेल.