ढिगावरची ओली डहाळी

मार्चअखेरचा शुक्रवार. उजाडायच्या आधी मी पोलीस पोस्टच्या ओट्यावर बसून सुरुंग शोधायच्या डिटेक्टरच्या बॅटऱ्या बदलत होते. जुन्या अजून चालल्या असत्या, पण बाजाराच्या दिवशी मी नव्याच घालायची. त्या दिवशी रस्त्यावर माणसं जास्त असतात.

मी तेव्हा हवालदार होते. माझं गाव कोरपन्याकडचं. तिथे सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस धावतात. रस्ता नसणं म्हणजे काय, ते मला कुरखेड्याकडच्या जंगलात बदली झाल्यावर कळलं. आमच्या पोस्टपासून येरमटोल्यापर्यंत डांबरी रस्ता होत होता. त्याआधी गावाला नुसती पायवाट होती आणि पावसाळ्यात नाला भरला की तीही नसायची. मोहफूल, हिरडा, चारोळी, जे निघेल ते न्यायला एकच व्यापारी बैलगाडी घेऊन यायचा. भाव त्याचा, तराजूही त्याचाच. बायका डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला गेल्या तर अख्खा दिवस मोडायचा आणि टोपलीत मावेल तेवढंच विकलं जायचं.

हा रस्ता काही लोकांना नको होता. त्यांनी झाडांवर पत्रकं चिकटवली आणि ठेकेदाराचा रोलर जाळला. म्हणून आमची ड्यूटी लागली, रोड ओपनिंगची. गाड्या सुटण्याआधी आम्ही रस्ता पायी तपासायचा. दोन रांगा दोन्ही बाजूंच्या झाडीतून चालतात आणि डिटेक्टरवाला कडेने. वाटेत डबा दिसला तर लाथ मारायची नाही, फलक दिसला तर काढायचा नाही, दमलं तरी मैलाच्या दगडावर टेकायचं नाही.

लोकांना वाटतं, डांबर पडलं की भीती कमी होते. आमची वाढली. कच्च्या रस्त्यावर ताजी माती उकरलेली दिसते. डांबराखाली काय आहे ते दिसत नाही, आणि रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या तर असतातच. मी अंगाने बारीक, त्यामुळे मोरीच्या नळात डोकं घालून बघायचं काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी पोटावर झोपायचं, टॉर्च पुढे धरायची आणि आत बघायचं. या कामाची सवय होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला शेवटच्या दिवसापर्यंत झाली नाही. तोंड कोरडं पडायचं आणि कानात स्वतःचा श्वास मोठा ऐकू यायचा.

डिटेक्टर नाईक कुमोटी चालवायचा. तो त्याच भागातला गोंड, माझ्याहून वयाने लहान, कमी बोलणारा. नाल्याच्या अलीकडे ऐनाचं एक मोठं झाड होतं आणि त्याखाली दगडांचा ढीग. वाटेच्या देवाची ती जागा. येणारा-जाणारा तिथे एक ओली डहाळी ठेवतो आणि मग नाला ओलांडतो. ठेकेदाराला तो ढीग हलवायचा होता. गावाने नाही म्हटलं, म्हणून रस्ता तिथे थोडा वळवला. कुमोटी रोज सकाळी युनिफॉर्ममध्ये, रायफल खांद्याला लावून, तिथे डहाळी ठेवायचा.

"कुमोटी, तुह्या देवाच्या हाती एक डिटेक्टर दे ना," मी एकदा म्हणाले. "तुले हे ओझं वागवा लागणार नाई."

"त्याचा डिटेक्टर जुना हाय, ताई. बॅटरी लागत नाई त्याले."

त्या ढिगावरून आम्ही डिटेक्टर कधी फिरवला नाही. तसा आदेश नव्हता. पण देवाच्या जागेवर यंत्र फिरवलेलं गावाला आवडलं नसतं, आणि त्या जागेला कोणी हात लावेल असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

त्या शुक्रवारी येरमटोल्यात माल उचलायला पहिल्यांदा पिकअप जाणार होती. तिथल्या बचत गटाच्या सुंदरबाई आदल्या दिवशी कुरखेड्याला जाऊन गाडी ठरवून आल्या होत्या. रात्री त्या तिथेच लेकीकडे राहिल्या. गाडी रफीकभाईंची. त्यांचं कुरखेड्यात भुसाराचं दुकान होतं. सकाळी दोघं पोस्टवर आले, तेव्हा सुंदरबाई केबिनमध्ये मांडीवर नवा तराजू घेऊन बसल्या होत्या.

"अम्मा, तराजू मागे ठेवा ना," रफीकभाई म्हणाले.

"नाई. तुम्ही व्यापारी लोक. माह्या नजरेसमोरच बरा."

"मी तं तुमचा डायव्हर हाव आज."

"डायव्हर झाला म्हून का व्यापारी नाई राह्यला?"

पोस्टचे साहेबही हसले. आम्ही पुढे निघालो. गाडीने पोस्टवर थांबायचं आणि मी वायरलेस सेटवर सांगितलं की टप्प्याटप्प्याने पुढे यायचं, असं ठरलं होतं.

नाल्याच्या वळणापर्यंत रस्ता साफ होता. मी तसं कळवलं. आमच्या रांगा झाडीतून पुढे सरकल्या. मी मोरीत डोकं घालून आले. नळ रिकामा होता. वर आले तर कुमोटी ढिगाजवळ उभा. डहाळी त्याच्या हातातच होती.

"ताई, पानं वाळले हायेत."

ढिगावर कालच्याच डहाळ्या होत्या. सगळ्या सुकलेल्या.

"आज गाडी येऊन राह्यली ना," मी म्हणाले. "बाजाराले पायी काऊन येईल कोणी?"

"बाजाराले नाई येणार. पण मोहाचे झाडं नाल्याच्या इकडे हायेत. अंधारातच बाया मोह वेचाले येतेत. एकही आली नाई."

मी आजूबाजूला पाहिलं. मोहाखाली फुलं पडून होती, पिवळी, न वेचलेली. त्या दिवसांत मोहाखाली फूल पडून राहत नाही. गावाने नाला ओलांडला नव्हता. कोणीतरी त्यांना ओलांडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि हे आम्हाला सांगू नका म्हणूनही.

आतापर्यंत आम्ही ढिगापासून हाताच्या अंतरावर बोलत होतो.

कुमोटी गुडघ्यावर बसला. गोंडीत काहीतरी पुटपुटला, बहुधा माफी मागितली. मग त्याने डिटेक्टर ढिगावर नेला.

आवाज आला. लांबलचक, एकसलग.

"मागं व्हा," तो हळू म्हणाला. "सेट इथी नका दाबू."

संशयित वस्तूजवळ सेट वापरायचा नाही, हा नियम. म्हणजे मला लांब जाऊनच बोलावं लागणार होतं.

"तूही चल."

"वायर पाहतो कुठी गेली ते. आपले पोरं पुढं झाडीत हायेत."

रांगांना हातानेच थांबण्याची खूण करून मी झाडीच्या कडेने मागे पळाले. पुरेसं अंतर झाल्यावर सेट दाबला.

"गाडी थांबवा. ओव्हर."

पोस्टवरून उत्तर आलं, "गाडी निघाली. वळणावर असेल. काय झालं? ओव्हर."

इंजिनाचा आवाज येत होता. मी रस्त्यावर उतरले. रस्त्यावर उभं राहायचं नाही हे माहीत असून मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. रफीकभाईंनी ब्रेक मारला. काचेमागे सुंदरबाईंनी तराजू छातीशी धरलेला मला दिसला.

तेवढ्यात माझ्या मागे स्फोट झाला.

नंतर काही वेळ मला ऐकू येत नव्हतं. खडी आणि पानं खाली पडत राहिली. आमच्या लोकांनी दोन्ही बाजूंनी पोझिशन घेतली. पलीकडून फायर झाला नाही. वायरच्या टोकाला बटण दाबायला जे बसले होते ते निघून गेले होते. कुमोटी वायरच्या मागावर ढिगापासून थोडाच पुढे गेला होता. झाडीतल्या आमच्या लोकांपैकी कोणालाही खरचटलंसुद्धा नाही.

सुंदरबाई खाली उतरल्या. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माह्या गावाले ठाऊक होतं का, बाई?"

"तुमच्या गावाले सांगू दिलं नसन कोणी," मी म्हणाले.

"मी त्या गाडीत होती," त्या म्हणाल्या.

कुमोटीचं पार्थिव दुपारी त्याच्या गावी नेलं. रस्ता झालेला होता तिथवर गाडीने, पुढे खांद्यावर. त्याच्या आईने मला एकच विचारलं, सकाळी जेवला होता का. जेवला होता. मी तसं सांगितलं.

आज त्या रस्त्याने बस जाते. येरमटोल्याच्या बायका माल तीन बाजारांत विचारून मग विकतात. रस्त्यावर कुमोटीच्या नावाचा फलक नाही. पण त्या मोरीला गावातले लोक कुमोटीची मोरी म्हणतात, आणि बसचा कंडक्टरही तेच नाव पुकारतो.

स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटऱ्या बदलल्या आणि डिटेक्टर स्वतः घेतला. पोस्टच्या फाटकाशी रफीकभाईंची गाडी उभी होती. बोलावलं कोणीच नव्हतं. सुंदरबाई केबिनमध्येच होत्या.

"माल तं उचला लागते ना, मॅडम," रफीकभाई म्हणाले. मी डिटेक्टर उचलून पुढे निघाले.

ऐनाखाली डांबराची कड तुटली होती, बाकी रस्ता शाबूत होता. गावकऱ्यांनी विखुरलेले दगड गोळा करून पुन्हा ढीग रचला होता. वर पुष्कळ डहाळ्या होत्या, सगळ्या ओल्या. मी ढिगावरून आधी डिटेक्टर फिरवला. आवाज आला नाही. मग ऐनाची एक डहाळी मोडून वर ठेवली, मोरीत उतरले, पोटावर झोपून टॉर्च पुढे धरली. वर येऊन लांब चालत गेले आणि सेट दाबला.

"रूट क्लिअर. गाडी सोडा. ओव्हर."