कोपऱ्याला गोलाई

मी औरंगाबाद सोडलं तेव्हा माझ्या शर्टावर दोन माणसांचं रक्त होतं. उजव्या बाहीवर माझं, बँडेजमधून झिरपलेलं. डाव्या बाहीवर माझ्या धाकट्या भावाचं, संदीपचं, नाक फुटल्यावर उडालेलं. मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर मी सकाळच्या गाडीची वाट बघत बसलो होतो आणि शेजारचा म्हातारा सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाला गेला. शहराचं नाव आता बदललंय. नव्या नावाची पाटी मी अजून बघितलेली नाही.

घर ते स्टेशन मी चालत आलो. मागं वळून बघितलं नाही, कारण आईनं तसं शिकवलं होतं. आई पाचोडची. तिथल्या आठवडी बाजारात तिनं मला भाव करायला शिकवलं तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. "पटलं नाय तर उठायचं. चार पावलं चालायचं. मागं बघायचं नाय. हाक येतीच." आणि हाक यायचीच. "ओ बाई, या इकडं, घ्या तुमच्या भावात!" त्या शिकवणीवर मी पुढं पोट भरलं. पण त्या दिवशी मी गल्ली ओलांडली, रेल्वेचं फाटक ओलांडलं, बाकावर बसलो, गाडी आली. हाक आली नाही. नऊ वर्षं मी तो राग सांभाळला. घर सोडून गेलेले तुम्ही आणि दारात उभे राहून बघत बसलेले तुम्ही, दोघांनाही हे सांगतोय.

आमचं ग्रिल-गेट बनवायचं दुकान होतं. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, आधी हात चालायचा आणि मग तोंड. वेल्डिंग वाकडं झालं की पाठीत बुक्की, मग कारण. त्या दुकानातल्या भंगारातून मी आणि संद्यानं एक मशीन बनवलं. रोबोट म्हणा. चार चाकं, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं कवच आणि पुढं गरगर फिरणारं पोलादी पातं. नाव ठेवलं हल्या, म्हणजे रेडा. शहरातल्या एका कॉलेजात अशा रोबोटांच्या लढती व्हायच्या आणि बाहेरच्या लोकांनाही घ्यायचे. आम्ही चार महिने दुकानामागच्या मोकळ्या जागेत सराव केला. मशीन मी बनवायचो, चालवायचा संद्या. त्याचे अंगठे भलते चपळ. मी एक जुनं टेबल मध्ये ठेवलं, तर हल्यानं त्याचे चारही पाय अर्ध्या मिनिटात कापले आणि संद्या म्हणाला, "भाऊ, आता खुर्ची आण, लई भूक लागली याला."

तोवर रिमोटला लांब वायर होती. लढतीच्या नियमात बिनवायरीचा लागत होता, म्हणून रिमोटचा नवा सर्किट बोर्ड करायला घेतला. घरी बोर्ड करायची रीत सोपी आहे. सर्किटची नक्षी गुळगुळीत कागदावर छापायची. तो कागद तांब्याचा थर असलेल्या पाटीवर पालथा ठेवून गरम इस्त्री दाबायची, म्हणजे शाई तांब्यावर चिकटते. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायची. शाईखालचं तांबं राहतं, उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं. यात एकच गोष्ट नीट ठरवावी लागते. कागद पालथा पडणार, तर नक्षी सरळ छापायची की आरशात दिसते तशी.

मी उलटं ठरवलं.

पाणी तांबं खाऊन झालं, पाटी धुतली, तेव्हा कळलं. कोपऱ्यात मी हौसेनं 'हल्या' लिहिलं होतं, ते उलटं उमटलं होतं. आयसीचे, म्हणजे चिपचे, पाय बसेनात. डावीकडचं सगळं उजवीकडं गेलं होतं. दुसरी पाटी आणायला शहागंजला गेलो. दुकानदारानं भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. तो म्हणाला, "मुकुंदवाडी से आया रोबोट बनाने? चल, आगे बढ़." मी काउंटरवर हात आपटला, काचेचा टवका उडाला आणि मी उठून चालायला लागलो. चार पावलं. चाळीस पावलं. त्यानंही हाक मारली नाही.

मग आहे त्याच पाटीवर भागवलं. आयसी मागच्या बाजूनं डकवली, जॉयस्टिकच्या वायरी फिरवून घेतल्या. फक्त वरची दोन बटणं अदलाबदल झालेली राहिली. पातं थांबवायचं बटण चार महिने वर डावीकडं होतं, ते आता उजवीकडं गेलं. पातं सुरू करायचं डावीकडं आलं. दोन्ही बटणं काळी. मी चिकटपट्टीवर 'थांब' आणि 'चालू' लिहून लावलं. संद्यानं विचारलं, "बदललं का रं?" चूक झाली म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, "मुद्दाम बदललंय. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. वाचून दाब."

लढत दोन मिनिटंसुद्धा चालली नाही. समोरच्यांचं मशीन दिसायला देखणं होतं, रंगवलेलं, स्टिकर लावलेलं. हल्यानं पहिल्याच धडकेत त्याचं चाक तोडलं, दुसऱ्या धडकेत त्याची कूस फाडली. बॅटरीतून धूर निघाला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मी ओरडलो, "बंद!" संद्यानं बघून, वाचून, उजवीकडचं बटण दाबलं. पातं थांबलं. आम्ही जिंकलो होतो.

समोरच्याची वायर हल्याच्या पात्यात गुंडाळली होती. ती सोडवायला मी आत गेलो. बाहेर पोरं संद्याला पाठीवर थापा मारत होती, उचलत होती. मी वायर धरली आणि मान न वळवता ओरडलो, "परत एकदा बंद दाब!" त्यानं दाबलं. बघून दाबलं नाही. अंगठा चार महिन्यांच्या जुन्या जागी गेला.

दुखलं नाही आधी. आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. समोरच्या काचेवर लाल रेघ उडाली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर नव्हतं. आणि लोक शिट्ट्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो. संद्या दुकानाच्या पायरीवर बसला होता, मांडीवर तो रिमोट. "भाऊ, मी," एवढंच तो म्हणाला. मी डाव्या हातानं रिमोट हिसकला आणि त्याच्या तोंडावर हाणला. अण्णांनीच वाकवलेल्या पत्र्याची डबी होती, कोपरे करकरीत. कोपरा बरोबर नाकावर बसला. तो मागं कलंडला, मी अंगावर बसलो आणि अजून दोनदा हाणला. मग माझ्या पाठीवर लोखंडी अँगलचा तुकडा बसला. एक, दोन, तीन. अण्णा. आई मध्ये पडली म्हणून चौथा बसला नाही.

अण्णा धापा टाकत म्हणाले, "ज्या हातानं भावाचं तोंड फोडलं, त्यो हात घेऊन ह्या घरात राहू नगं."

माझी बोटं कुणी विचारली नाहीत. सगळी गल्ली संद्याच्या नाकाला बर्फ लावायला धावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा आई दारात होती. तिनं तोंडाला पदर लावला होता. मी चालायला लागलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. भोसरीच्या शेडमध्ये दोन वर्षं बोर्ड जोडले. मालकाशी भांडलो, दुसऱ्याकडं गेलो, त्याच्याशीही भांडलो. पण भाव पाडण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं, म्हणून एकानं खरेदीसाठी चीनला, शेनझेनला पाठवलं, आणि मी राहिलो. इथं इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार मजल्यावर मजले चढत जातो. मी गाळ्या-गाळ्यातून फिरतो, "ताय ग्वेय" म्हणतो, म्हणजे फार महाग, आणि उठून चालायला लागतो. इथले लाओबान, म्हणजे मालक, हाक मारतातच. इथं एका हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात. सहा दाखवायला अंगठा आणि करंगळी उभी करायची. माझा सहा उजव्या हातानं होत नाही, डावा वापरतो. पहिल्यांदा एक लाओबान हसला तेव्हा मी त्याचा ट्रे उचलून जमिनीवर फेकला होता. दर सहाला मला संद्या आठवायचा. दिवसातून किती वेळा सहा म्हणावं लागतं, हे बाजारात बसल्याशिवाय कळत नाही.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. नऊ वर्षांत पहिला.

"भाऊ, आपल्या गल्लीतला किसनमामा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरला. वर आला नाय. मी मशीन करतोय. चाकं, पातं, कॅमेरा, सगळं झालं. आता माणूस खाली जाणार नाय, मशीन जाईल. रिमोटचा बोर्ड तू करून दे. जाड हातमोजे घालून, न बघता दाबता आलं पाहिजे."

किसनमामानं मला खांद्यावर बसवून जयंतीची मिरवणूक दाखवली होती. पण रागानं तोही आठवू दिला नाही. मी लिहिलं, "नऊ वर्षांनी बोर्ड पाहिजे व्हय? माझी बोटं कुठं हायेत ते सांग आधी. न बघता दाबायची तुझी सवय गेली नाय वाटतं." अजून बरंच लिहिलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

त्यानं उत्तरादाखल फोटो पाठवला. जुना बोर्ड, तांब्यावर हिरवट गंज चढलेला, आणि कोपऱ्यात उलटा 'हल्या'. खाली लिहिलं होतं, "नाव उलटं आलंय भाऊ. ह्ये मी त्याच आठवड्यात उघडून बघितलं व्हतं."

मी टेबलावर मूठ मारली. टेबलाची काच तडकली आणि उरलेल्या बोटांतून रक्त आलं. आरशासारखी छापलेली नक्षी कुठलाही बोर्ड करणारा एका नजरेत ओळखतो. म्हणजे त्याला माहीत होतं की मी मुद्दाम काही बदललं नव्हतं. मी चुकलो, लपवलं, आणि वरून त्याचं नाक फोडलं. चिकटपट्टी लावली होती, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत होतो. चिकटपट्टी लावणं म्हणजे सांगणं नव्हे.

"अण्णांना का नाय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझी बोटं गेली व्हती. वर आणि काय सांगू? आणि सांगितलं असतं तर आईचं न ऐकता चौथा बसला असता तुला."

मी लिहिलं, "चूक माझी होती." चार शब्दसुद्धा नाहीत. ते पाठवायला जेवढा जोर लागला तेवढा कुठल्या हाणामारीत लागला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "बोर्ड कधी देतो?"

मग मी आरेखन उघडलं. आता छापायचं, इस्त्री, फेरिक काही नाही. पडद्यावर रेघा ओढायच्या, फाइल पाठवायची, कारखान्यातून हिरवेगार बोर्ड येतात. रेडिओ बसवला, आयसी बसवली, संपर्क तुटला तर पातं आपोआप थांबेल अशी सोय केली. आणि 'थांब' बटणाशी येऊन अडलो. फोन लावला. पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला, नाकातून येणारा. तो आवाज मी केलेला आहे.

"थांब कुठं ठेवू?"

"वर डावीकडं. अंगठा अजून तिथंच जातो."

मागून आईचा आवाज आला. संद्या तिला फोन घे म्हणत होता, पण तिनं घेतला नाही, लांबूनच मोठ्यानं बोलली, "त्याला म्हणावं, मी चार पावलं म्हणले व्हते. ह्यो चीनला गेला!"

"हाक कुणी मारली?" मी ओरडलो.

"तोंडात पदर कोंबून उभी व्हते रे मुडद्या, अण्णा शेजारी व्हते. चौथ्या पावलाला तूच बघायचं व्हतं की मागं!"

संद्या हसत होता. मग म्हणाला, "डबी अण्णाच वाकवतायत. माप घे. सहा इंच दोन सूत लांबी, चार इंच रुंदी. आणि अण्णा म्हणतात, कोपऱ्याला गोलाई दे. बोर्डाचा कोपरा गोल असंल तरच डबीचा गोल वाकवता येईल. परत कुणाच्या तोंडावर बसली तर फुटायला नगं."

अण्णा अजून माझ्याशी बोललेले नाहीत. गोलाईचं तेवढं बोलले.

घर म्हणजे काय, याबद्दल इथले आपले लोक एकत्र जमले की फार गोड बोलतात. भाकरीचा वास, अंगण वगैरे. माझ्या घराला लोखंडाचा वास होता आणि तिथं मार होता, तो मी खाल्ला आणि दिला. पण जगात एकच जागा आहे जिथल्या माणसाचा अंगठा मी नऊ वर्षांपूर्वी बटण ठेवलं तिथं न बघता जातो. तेवढंच माझं घर आहे. तिकडं जायला मी अजून तिकीट काढलेलं नाही. बोर्ड आधी जाईल, चालेल, मग बघू.

कारखान्याच्या लाओबानशी गोलाईसाठी घासाघीस केलीच. उठून चार पावलं चाललो, त्यानं हाक मारली. नमुन्याचा बोर्ड काल आला. 'थांब' वर डावीकडं, अक्षरं सरळ. मी तो डाव्या हातात धरला, दार लावून घेतलं, आणि कोपरा स्वतःच्या नाकावर हाणून बघितला.

लागलं. अजून लागतंय. गोलाई वाढवून फाइल परत पाठवली आहे.