धावपट्टीच्या कुंपणाबाहेर

कोल्हापूरच्या स्टेशनावर गाडी हलेपर्यंत आईचं एकच पालुपद चाललं होतं, "सत्याला म्हणावं, आता पुण्याला बदली मागून घे. लई झालं बर्फातलं." मी मान डोलावली. मलाही तेच हवं होतं. सत्या म्हणजे सतीश, माझा धाकटा भाऊ. हवाई दलात आहे, लडाखमधल्या एका आडबाजूच्या तळावर विमानांची देखभाल करतो. तिथली त्याची मुदत संपत आली होती. घराजवळची बदली मागायची की आणखी वर्षभर तिथंच राहायचं, हे त्याला त्याच महिन्यात कळवायचं होतं. आणि माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही.

खरं सांगू? त्या जागेवर मी असायला हवा होतो. भरतीला आधी मी गेलतो! पण मंगळवार पेठेतल्या तालमीत माझा डावा कान मोडलेला. आमच्याकडे मोडका कान म्हणजे पैलवानाची मिजास. सोयरिकीला आलेले पावणे तोंडाआधी कान बघतात. मेडिकलच्या डॉक्टरांनी मात्र त्या कानानं ऐकू कमी येतं म्हणून बाद केलं. मग वडिलांनी सत्याला तालमीची पायरी चढू दिली नाही. त्याचे दोन्ही कान शाबूत, आणि मी शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरतोय. सत्त्याण्णव सालच्या जुलैत रजा काढून निघालो, तेव्हा पोटात हेच जळत होतं.

दिल्ली, मनाली, आणि मग हाडं खिळखिळी करणाऱ्या बसनं लेह. तिथून परवाना काढून जीप पकडली. खिंडीच्या माथ्यावर हवा इतकी विरळ, की आईनं तोंड गच्च बांधून दिलेली कांदा-लसूण चटणीची पिशवी फुगत गेली आणि फट्कन फुटली. सगळी जीप शिंकायला लागली. ड्रायव्हर डोळे चोळत ओरडला, "भाईसाब, बारूद लाए हो क्या?" माझा एकुलता एक स्वेटर लालभडक झाला होता.

पलीकडच्या खोऱ्यात उतरलो आणि तळ दिसला. दोन्हीकडं बोडके डोंगर, मध्ये वाळू, नदी, सातूची हिरवी शेतं आणि त्यांच्या शेजारी लांबलचक धावपट्टी. फाटकावर मी सांगितलं, सतीशचा भाऊ आहे. पहारेकरी हसून म्हणाला, "भाई हो, तो बाहर मिलो." भरतीतून हाकललं होतं तसंच पुन्हा झालं. थोड्या वेळानं सत्या धावतच बाहेर आला आणि पाया पडला. गाल काळेठिक्कर, ओठ फुटलेले, पण अंगावरचा तो निळा गणवेश! "दादा, वाळलास की!" म्हणाला.

उतरायची सोय गावातल्या एका मेमेंकडे (आजोबांकडे) होती. त्यांनी "जुले" (राम राम) म्हणत लोणी-मिठाचा चहा पुढं केला. तो कसाबसा घशाखाली घालून मी मोडक्यातोडक्या हिंदीत तळाविषयी विचारलं. पूर्वी तिथं नुसता गोट्यांचा माळ होता म्हणे. पलटण आली आणि सगळं गाव धावपट्टीसाठी मजुरीवर दगड वेचायला लागलं.

"पहिलं विमान उतरलं तेव्हा आम्ही कामं टाकून पळत गेलो," मेमे म्हणाले.

"विमान बघायला?"

"नाही. आम्ही साफ केलेला तुकडा चाकाखाली नीट राहिला का, ते बघायला."

म्हणजे त्या पट्टीत या म्हाताऱ्याचाही वाटा होता. माझाच नव्हता.

दुपारी वारा उठतो, म्हणून विमानं सकाळीच येतात. सकाळी मी मेमेंच्या शेताच्या बांधावर, तळाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. डोंगरांच्या फटीतून एक अवजड विमान घुसलं आणि धूळ उडवत उतरलं. इंजिनं बंद करत नाहीत. त्या थंडीत आणि विरळ हवेत पुन्हा चालू होतील याचा भरवसा नसतो. तशा घरघराटात माणसं धावली. रॉकेलची पिंपं, बटाट्याची पोती, औषधं, टपालाचे थैले. वरच्या बर्फातल्या चौक्या यावरच जगतात. मग एक स्ट्रेचर आलं. बोटं बर्फानं काळी पडलेला जवान खाली निघाला होता. स्ट्रेचरचं एक टोक सत्यानं उचललेलं. सत्या वाकून त्याच्याशी काहीतरी बोलला आणि तो जवान हसला. त्या क्षणी मला भावाचा इतका हेवा वाटला, की डोळ्यांत पाणीच आलं. पुण्यात आला तर बरं, असं मनात आलं. रविवारी मटण खायला घरी येईल, माझ्यासारखाच होऊन जाईल.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानंच विषय काढला. "दादा, आईला काय पायजे ते ठावं हाय मला. तू सांग. पुण्याचा अर्ज करू?"

नुसतं 'कर' म्हणायचं होतं. एवढ्यासाठी तर आलो होतो.

"तुला काय वाटतंय?" मी विचारलं.

"आणि एक वर्ष राहावंसं वाटतंय. पण तू म्हणशील तसं."

"मग ऱ्हा की," मी म्हणालो, "मला काय विचारतोस?" जरा खेकसलोच. तो बिचारा हसला. माझ्या पोटातली आग काही विझली नव्हती.

परतीच्या सगळ्या वाटेवर आईला काय सांगायचं ते जुळवत होतो. कोल्हापुरात घराच्या दारातच तिनं धरलं.

"मागितली व्हय रं बदली?"

"न्हाय."

"आणि तू गप बसलास? थोरला भाऊ ना तू त्याचा! आण म्हणून धाडलं होतं तुला."

मी पिशवी खाली ठेवली.

"मी असतो तिथं," म्हणालो, "तर आलो असतो व्हय गं?"