अर्धा सेकंद थांबा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. ड्रॉवरमधल्या जुन्या चार्जरसारखे! निजामपुऱ्यातल्या आमच्या चार टेबलांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते जरा जास्तच साठलेत. आमचं काम रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंगचं. कोणी बटण दाबलं, सेन्सरचा आकडा बदलला, की कोडने काहीतरी करायचं. आणि आमच्या टीम लीड नीलाताई एकच गोष्ट शिकवतात: उठसूट करू नका!

पहिला धडा औषधांच्या दुकानाच्या अ‍ॅपवर मिळाला. शेजारच्या टेबलावरच्या जिग्नेशने सर्चबॉक्स असा बनवला, की तो दर अक्षराला सर्व्हरकडे पळायचा. गिऱ्हाईक 'खोकला' लिहायला लागलं, की 'ख'ला खरजेची मलमं, 'खो'ला खोबरेल तेल, आणि खोकल्याचं औषध यायच्या आत सर्व्हर आडवा!

नीलाताई म्हणाल्या, "अरे, टायपिंग चालू आहे ना त्याचं? पूर्ण होऊ तर दे!"

शेवटच्या अक्षरानंतर अर्धा सेकंद शांतता, मगच शोध. याला म्हणतात डिबाउन्स.

जिग्नेश मुळातच घाईचा. माणूस लाख मोलाचा, पण समोरच्याचं वाक्य तोच संपवणार. आणि मी पडलो लहानपणापासून अडखळत बोलणारा! कँटीनमध्ये मी "च... च..." करत उभा राहिलो, की हा गुजरातीत ओरडणार, "मकरंदभाई माटे एक चा!" मला हवी असायची चटणी. एवढ्या प्रेमाने आणलेला चहा मी मुकाट्याने पितो.

मग वाडीतल्या फरसाणवाल्याचं अ‍ॅप. एका काकांनी 'ऑर्डर' दाबलं, स्क्रीन हलेना, म्हणून ते दाबतच राहिले. दुकानदाराने शेवेची पाकिटं बांधत नीलाताईंना फोन केला, "बेन, काकाने त्यां लगन छे के शुं?"

तेव्हा थ्रॉटल लावला. पहिला दाब घ्यायचा, पुढचे काही क्षण बाकीचे सोडून द्यायचे.

"घरीही माझा हाच नियम," नीलाताई म्हणाल्या. "पोराची पहिली 'आई' ऐकते. पुढच्या दहा जातात हवेत!"

त्यानंतर कोयलीकडच्या एका कारखान्याचं काम आलं. टाक्यांमधल्या गॅसच्या दाबाचे आकडे स्क्रीनवर इतके थरथरायचे, की ऑपरेटरने कंटाळून वर टॉवेल टाकला होता! मी आकड्यांना लगाम घातला, दोन सेकंदांनी एकच दाखवायचा. जिग्नेश म्हणाला, "गॅसगळतीच्या सायरनलाही लावून टाकू."

नीलाताई एकदम उभ्याच राहिल्या. "आकडे अडव. भोंग्याला हात लावायचा नाही!"

तरी नीलाताईंचे उपकार मी मानतो ते या शिकवणीसाठी नाही. काम मी केलं, म्हणून कारखान्यात डेमोही मीच द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. तोवरचे सगळे डेमो जिग्नेशने दिलेले. घरी आई म्हणाली, "त्यालाच सांग ना रे, उगाच कशाला?" मलाही तेच वाटत होतं. पण आज बोललो नाही, तर जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून बोलावं लागणार, हेही कळत होतं.

डेमोला नीलाताई आणि जिग्नेश शेजारीच बसले होते. सुरुवात बरी झाली. मग कारखान्याच्या साहेबांनी सायरन कधी वाजणार ते विचारलं, "गॅस लीक थाय, तो सायरन क्यारे वागे?"

उत्तर एका शब्दाचं. तरत. लगेच. आणि मी नेमका तिथेच अडकलो. "त... त..."

"त्रीस सेकंड?" साहेबांच्या कपाळाला आठी.

जिग्नेशने तोंड उघडलं. नीलाताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि साहेबांकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाल्या, "साहेब, टायपिंग चालू छे."

जिग्नेशने तोंड मिटलं, साहेबही थांबले.

"त... तरत, साहेब," मी म्हणालो. "सायरनने अमे रोकता नथी." सायरनला आम्ही अडवत नाही.

साहेब पुढचं ऐकायला खुर्चीत मागे टेकले. "आगळ बोलो, मकरंदभाई. शांतिथी."