चिमटा लावलेला थर्मामीटर

परवा मी मामाला फोटो पाठवणारच होते. टाइपपण केलं, 'मामा बघ!!!' ...आणि मग आठवलं, मामाला जाऊन महिना होत आलाय.

फोटो गायीच्या शेपटीखालचा होता. हसू नका! माझा मामा वणीचा, गुरांचा डॉक्टर. आणि माझ्या फोनमध्ये मैत्रिणींपेक्षा आमच्या गौरीचे मागून काढलेले फोटो जास्त आहेत. मी नाशिकला कॉलेजला, पण सुट्टीत कळवणजवळच्या आमच्या मळ्यात गेले की मामाचा मेसेज हजर, "भाची, फोटो टाक. आणि हात हलवू नको, मागच्या वेळी नुसती शेपटी दिसली."

झालं असं, मागच्या वर्षी गौरी व्याली, कालवड मस्त झाली, पण वार पडेना. वार म्हणजे पोटात वासराभोवती असते ती पिशवी, ती वासरामागून पडायला हवी. मी घरी पोचले तोवर ती तुटून अर्धीच आली होती. उरलेली आत कुजली. गोठ्यात उभं राहवत नव्हतं इतका वास, गौरीला ताप, चारा बंद. गायीचा ताप शेपटीखालून बघतात, म्हणून मामानं थर्मामीटरला दोरी बांधली, दोरीला कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि चिमटा गौरीच्या शेपटीच्या केसांना. "नाहीतर शेणात काच शोधत बसशील!" इंजेक्शनं दिली, गौरी वाचली... पण गाभण राहीना. माजावर आली की गायीच्या मागून चिकट सोट गळतो, त्यात दर वेळी पूचे पांढरे कण. "सोट काचेसारखा दिसला की मगच भरायची," मामाचं एकच. भरायची म्हणजे गाभण राहावी म्हणून रेतन करायचं. पप्पांचंही एकच, विकून टाका.

वार ओढली कुणी, असं पप्पांनी विचारलं तेव्हा मामा पटकन म्हणालेला, "मीच दाजी. घाई झाली माझी." झालं! तेव्हापासून मामा जेवायला बसला की पप्पा सुरू, "पाव्हणे, भाकर तरी दमानं तोडा, अर्धी आत राहायची!" मामा खो खो हसायचा आणि अजून एक भाकर मागायचा. मला कोडंच होतं. गावोगाव 'वार ओढू नका' म्हणून ओरडणारा माणूस बहिणीच्याच गायीची वार ओढेल कसा?

मामाच्या दशक्रियेहून परत येताना आईनं सांगितलं. पप्पा दुसऱ्या गाडीत होते.

"त्यानं नाय ओढली. मी वारेला दगड बांधला होता. आपल्याकडं बांधतात सगळ्या, वजनानं पडंल म्हणून. तो आला तवा तुटलेलीच होती. मला म्हणला, ताई, तू गप बस."

"मग वर्षभर पप्पांना का नाही सांगितलंस?"

"तोच म्हणायचा, गौरी गाभण राहू दे, मग सांगू. तवा दाजी नुसते हसतील."

आणि मग हा अटॅकनं गेला... मला राग आलाय का? कुणाचा? आईचा, मामाचा, दगडाचा? खरंच कळत नाही.

आणि परवा गौरी माजावर आली. सोट लांबच लांब, काचेसारखा, एक कण नाही! मी किंचाळलेच. आई धावत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "त्याला फोन लाव, भरायची का विचार."

आणि मी फोनवर 'मामा बघ!!!' टाइप करून बसले होते.

माझ्या ओरडण्यानं पप्पापण आले होते. आई गौरीच्या पाठीवर हात ठेवून, त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, "दगड मी बांधला होता. त्यानं नाय ओढली."

मला वाटलं आता काहीतरी होणार. पप्पांनी गोठ्यातल्या खिळ्यावरचा थर्मामीटर काढला, आत सरकवला, चिमटा गौरीच्या शेपटीला लावला आणि दोरी धरून उभे राहिले. ताप कशाला असेल? चष्मापण नव्हता त्यांच्याकडं. "किती दाखवतंय?" मला विचारलं. "नाही ताप." "बरं... मग बोलव कुणाला तरी. पाव्हणे म्हणले होते ना, काचेसारखा दिसला की."

हे सगळं लिही, असं आईच म्हणाली. गौरीला त्याच दिवशी भरून घेतलं, गाभण राहील का, माहीत नाही. थर्मामीटर पुसून परत खिळ्याला लावलाय. त्याच्या चिमट्यात शेपटीचा एक केस अडकलाय... परवाचा, की मामानं लावला होता तेव्हाचा, कोण जाणे.