दक्षिणेची गाडी

ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी घरांत महाराष्ट्राला ‘दक्षिण’ म्हणतात. पुण्याच्या वेधशाळेत मला नोकरी लागली तेव्हा आईनं सगळ्या माधवगंजात सांगितलं, मुलगी दक्षिणेत असते. पुढं अंटार्क्टिकाच्या मोहिमेत माझी निवड झाली, तेव्हाही तिनं तेच सांगितलं. मी चिडून नकाशा दाखवला, तर म्हणाली, मग दक्षिणच नं?

ध्रुवाकडची महिनोन् महिने न सरणारी रात्र म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला पर्वणीच. त्या रात्रीसाठी मी जिवाचं रान केलं होतं. हिवाळा लागला, शेवटचं विमान गेलं, आणि आईच्या किडन्यांनी दगा दिला. ग्वाल्हेरातच, थाटीपुरात राहणारा माझा भाऊ तिला घरी घेऊन गेला. त्याच्या फोनवर ती मला दिसायची. उजाडल्याशिवाय विमान येणार नव्हतं. मी मोहिमेच्या प्रमुखांशी कडाकडा भांडले. त्यांनी ऐकून घेतलं. बर्फापुढं तेही काय करणार?

आईला मात्र हे काही केल्या पटेना.

“दक्षिणेतच आहेस नं? तर मग शामला पाचच्या गाडीत बैस. उद्या दुपारपर्यंत पोहोचून जाशील.”

रोज हेच. अन्नाला शिवेना. एकदा तिच्या मागं उभ्या भावानं मला हात जोडले. मी म्हटलं, “बसले गं आई गाडीत.”

त्या दिवशी ती जेवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठवर आलीस? मी मनमाड म्हटलं. मग भुसावळ, खांडवा, इटारसी. ती वार विसरायची, स्टेशन नाही. बाहेर माझी दुर्बीण आकाशाकडे लागलेली, आणि आत मी स्टेशनं पुरवून पुरवून वापरत होते. भोपाळला मी इंजिन बिघडवलं. तिनं रेल्वेचा यथेच्छ उद्धार केला. मला हसू आलं, मग रडू आवरेना.

झाशी आली तेव्हा तिचा आवाज पार खोल गेला होता. “आता तर आलीच,” ती भावाला म्हणाली. “स्टेशनवर जा. तिच्याजवळ सामान फार असतं.”

भावानं चपला घातल्या आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. दुसरं काय करणार बिचारा? फोन उशाशी चालूच होता. मला झाशीपुढचं एकही स्टेशन आठवेना. मी नुसतीच आई, आई करत राहिले. ती दाराकडे बघत होती. माझी हाक तिला तिकडून यायला हवी होती. ती तशीच बघत बघत गेली.