मोठी सावली, छोटी सावली

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता जमतात: औषधांची सॅम्पल्स आणि किस्से. सॅम्पल्सची तारीख उलटली की फेकून देता येतात. किश्श्यांचं काय करायचं? परवा सूनबाई म्हणाली, "बाबा, दम्मामचं काहीतरी सांगा ना." मी सुरू झालो, आणि तिचा चहा गार झाला तरी थांबलो नाही!

कुवेतच्या युद्धाच्या वेळी मी दम्मामजवळ एका कोरियन बांधकाम कंपनीच्या कॅम्पमध्ये लॅब टेक्निशियन होतो. कॅम्पच्या दवाखान्यात मी, माझा मायक्रोस्कोप आणि कोरियाहून आलेले तिकडचे देशी वैद्य, डॉक्टर पाक. माणूस पन्नाशीचा, ठेंगणा, सतत काहीतरी न्याहाळणारा. त्यांचा खास विषय मधुमेह.

आमचे स्टोअरकीपर परकारभाई रत्नागिरीकडचे. काडीसारखे बारीक आणि जिभेला हाड नाही. दारावरची पाटी वाचून ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दादा, साखरेचा डॉक्टर आणि नाव पाक? एकतारी का दोनतारी, तेवढं इचारून घ्या!"

* * *

डॉक्टर पाक यांच्या शास्त्रात माणसं चार प्रकारची. कोरियन नावं आमच्या तोंडात बसेनात. अर्थ विचारला, तर दोन प्रकार उन्हाचे आणि दोन सावलीचे. मग आम्ही आपले मोठं ऊन, छोटं ऊन, मोठी सावली, छोटी सावली असं म्हणायला लागलो.

मोठी सावली म्हणजे रुंद कंबर, दणकट भूक. खाल्लेलं अंगात साठवणारी माणसं. डॉक्टरांच्या मते साखरेचा आजार यांना सगळ्यात आधी गाठतो. छोटी सावली म्हणजे बारीक अंग, थंड हात, चिमणीएवढं जेवण. छोटं ऊन म्हणजे तापट आणि घाईचं. मोठं ऊन फार दुर्मिळ.

डॉक्टर पेशंटला दुखणं विचारायचेच नाहीत. "घाम आला की बरं वाटतं की गळून जाता?" "रागावल्यावर जेवण जातं?" असलं काहीतरी मोडक्या इंग्लिशमध्ये विचारायचे. मी रक्तालघवीवर विश्वास ठेवणारा माणूस. पण ते इतकं मन लावून बघायचे की मीही माझं काम सोडून ऐकत बसायचो.

* * *

पाइपिंगचे इंजिनीअर जोगळेकर पुण्याचे. मोठं ऊन दुर्मिळ असतं हे ऐकल्यावर आपण तेच असणार याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही! रीतसर अपॉइंटमेंट घेऊन आले.

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, मनगट धरलं, पोट दाबून पाहिलं. म्हणाले, "मोठी सावली. गोड बंद."

जोगळेकर उखडले. "यात नवीन काय सांगितलंत? आमच्या आयुर्वेदात याला कफ प्रकृती म्हणतात. आम्हाला हे हजारो वर्षांपासून ठाऊक आहे!"

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांच्या पोटाकडे बघत अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं, "इतकी वर्षं ठाऊक होतं, तर मग हे कसं झालं?"

* * *

कंपनीची सरकारी कामं बघणारे अबू सालेम नावाचे सौदी गृहस्थ होते. चांगले ऐसपैस. हातात खजुराचा डबा घेऊनच यायचे. डॉक्टरांनी त्यांनाही मोठ्या सावलीत बसवलं आणि खजूर मोजून खायला सांगितले.

अबू सालेम हसून म्हणाले, "हकीम, मग उंट कोणत्या प्रकारचा?"

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले नाहीत. तीन दिवस विचार करत होते. एका शुक्रवारी तर मला टॅक्सीत घालून शहराबाहेर उंट बघायला घेऊन गेले! उंटाच्या मालकाला उंटाची भूक विचारली, घाम विचारला, स्वभाव विचारला. तो बिचारा गिऱ्हाईक समजून दात दाखवत होता. स्वतःचे नाही, उंटाचे!

शनिवारी डॉक्टर अबू सालेमना म्हणाले, "उंट मोठी सावली आहे. तुमच्यासारखाच साठवतो."

"मग त्याला साखर का होत नाही?"

"तो चालतो!"

* * *

जानेवारीत युद्ध पेटलं. सायरन व्हायला लागले, गॅसचे मास्क वाटले गेले. कितीतरी लोक गावी निघून गेले. बायको नाशिकहून फोनवर रडायची. डॉक्टर मात्र वहीत लिहीत होते. सायरन झाल्यावर कोणत्या प्रकारचा माणूस काय करतो!

"मोठी सावली आधी सामान गोळा करते," ते मला शेल्टरमध्ये सांगू लागले. "छोटी सावली जागीच बसते."

मी विचारलं, "आणि तुम्ही कोण, डॉक्टर?"

"छोटं ऊन. हे लोक आधी पळतात, विचार नंतर करतात."

मी खाली पाहिलं. डॉक्टर अनवाणी होते.

* * *

त्याच दिवसांत उरलेल्या सगळ्यांची लघवी तपासायची ठरली. रस्ते बंद झाले तर कोणाला कोणतं औषध लागेल, त्याची यादी हवी होती. जोगळेकरांची पट्टी साफ निघाली. एका पट्टीचा रंग मात्र भराभर गडद होत गेला. मी तीनदा तपासलं. नाव परकारभाईंचं!

छोटी सावली म्हणून आम्ही ज्यांना कधी तपासलंच नाही, ते. दुपारभर पाण्याची बाटली तोंडाला लावायचे. आम्ही म्हणायचो, वाळवंट आहे.

परकारभाईंनी माझा हात धरला. "फाइलीवर लिवू नका, दादा. अनफिट म्हणून कफील, आपला व्हिसावाला मालक, परत धाडील. पोरीचं लगीन हाय."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते थेट परकारभाईंच्या खोलीवर गेले आणि त्यांच्यासमोर कंबरेत वाकले. "तुम्ही बारीक, म्हणून मी तुम्हाला काही विचारलंच नाही. माझी चूक."

परकारभाई गडबडून उठले. "अवो, तुमी कशाला वाकताव? माजी आय पण साखरेनंच गेली. ती तर माज्याहून बारीक!"

डॉक्टर तिथेच खाटेवर बसले आणि वही काढली. "आईबद्दल सांगा," म्हणाले. तासभर ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बाहेर पडायला तयार नव्हता, तेव्हा स्वतः गाडी काढून ते परकारभाईंना शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. फाइलीवर त्यांनी सहीनिशी लिहिलं, "कामासाठी फिट."

* * *

मग ती संध्याकाळ. परकारभाईंनी गोळी घेतली, ताटावर बसणार तेवढ्यात सायरन झाला. ताट तिथेच टाकून सगळे शेल्टरमध्ये. दार बंद, चाळीस माणसं, तोंडावर मास्क. बाहेर कुठेतरी धडाम झालं.

बराच वेळ गेला. परकारभाई घामाने निथळायला लागले. हात थरथरत होते, तोंडाने असंबद्ध बडबड. ते मास्क ओरबाडायला लागले, तसा कोणीतरी ओरडला, "गॅस! गॅस आला!"

एकच गोंधळ! माणसं दारावर धडकायला लागली. बाहेर खरंच काय आहे कोणाला ठाऊक?

डॉक्टर पाक बाकावर चढले आणि त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःचा मास्क काढला. एक लांब श्वास घेतला. दुसरा घेतला. सगळे थिजून बघत राहिले.

"गॅस नाही," ते म्हणाले. "साखर उतरली आहे. कोणाकडे गोड आहे?"

मग कोपऱ्यातून जोगळेकर पुढे आले. मास्कच्या पिशवीतून त्यांनी आमरसाचा डबा काढला. डॉक्टरांकडे बघायचं टाळत म्हणाले, "इमर्जन्सीसाठी ठेवला होता."

कोणीतरी स्क्रू ड्रायव्हरने डब्याला भोक पाडलं. डॉक्टरांनी परकारभाईंचा मास्क काढून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रस थोडा थोडा ओठांत सोडत राहिले. एक घोट. थांबले. आणखी एक. मी नाडी धरून बसलो होतो.

अर्धा डबा संपला तेव्हा परकारभाईंनी डोळे उघडले. डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि जोगळेकरांकडे वळून क्षीण आवाजात म्हणाले, "सायेब, ह्यो हापूस नाय. तोतापुरी हाय!"